सहा सेकंदांचं कारंजं

"जगात जे टिकतं ते गोल फिरतं. ग्रह फिरतात, ऋतू फिरतात, आत्मासुद्धा फिरून परत येतो," असं मुकुंदरावांनी जाहीर केलं, आणि पडद्यावरचं त्यांचं कारंजं तिसऱ्या सेकंदाला उचकी लागल्यासारखं थबकलं.

"काका, आत्मा राहू द्या," हिमांशू म्हणाला. "सांधा दिसतोय."

हिमांशू मालक, वय एकतीस. मुकुंदराव त्याला सर म्हणत, तो त्यांना काका. आदर असा दोन्हीकडून सारखा होता. नारळ देण्याचा अधिकार मात्र एकाच बाजूला.

गुलमंडीवरच्या छापखान्यात पंचवीस वर्षं लग्नपत्रिकांचे खिळे जुळवल्यावर तो बंद पडला, तेव्हा मुकुंदराव सत्तेचाळिसाव्या वर्षी माउस धरायला शिकले. आता चिकलठाण्यातल्या या ऑफिसात ते वेबसाइटसाठी हलती चित्रं करत. आजचं काम शेंद्र्याजवळच्या नव्या वसाहतीचं होतं. पहिल्याच पानावर अखंड उसळणारं कारंजं हवं होतं. न अडखळणारं, स्वच्छ, आणि दोन एमबीच्या आत.

"पाचपर्यंत झालं तर ठीक," हिमांशूनं निघताना सांगितलं. "नाहीतर बिल्डर सगळंच काम पुण्याला देतोय. मग काका, तुम्हाला इथं बसवून मी तरी काय करू?"

प्रेमानं म्हणाला, म्हणून जास्त लागलं.

वसाहतीत जाऊन केलेल्या चित्रणात एका उसळीपासून पुढच्या उसळीपर्यंत कारंज्याला बरोबर सहा सेकंद लागत. सहाही ठेवले, तर शेवट सुरुवातीला असा चिकटे, की सांधा ब्रह्मदेवालाही सापडला नसता. पण तिसऱ्या सेकंदाला डावीकडून एक बाई चौकटीत शिरत होती, काखेत हंडा घेऊन. तिला टाळायला तिथंच कापलं, की उचकी.

पुन्हा चित्रण करता येईल का, हे विचारायला त्यांनी बांधकामाच्या साइटवर फोन लावला. पुंजाराम वॉचमननं उचलला.

"पाणी? साहेब, त्या दिशी शूटिंगपुरता टँकर आणला व्हता. आता सिमेंटला नाय पाणी, कारंज्याला कुठलं?"

मुकुंदरावांच्या घरी नळाला पाणी येऊन दहावा दिवस होता. त्यांनी वाद घातला नाही.

म्हणजे बाईला चित्राचित्रातून पुसणं आलं. सेकंदाला बारा, तीन सेकंदांची छत्तीस चित्रं. वर असल्या फाइलला रंगांचं रेशन होतं, फक्त दोनशे छप्पन्न. तेवढ्या रंगांत आकाश बसवलं की पाण्याला पट्टे पडत, आणि पट्टे घालवले की फाइलचं वजन वाढे.

पुसायला सोपं जावं म्हणून त्यांनी बाई मोठी करून पाहिली, आणि दाराकडं वळून हाक मारली. "भामाबाई, जरा इकडं या."

ऑफिस झाडणाऱ्या भामाबाई खांद्यावर फडकं टाकून आल्या.

"या तुम्हीच ना?"

"व्हय. लुगडं तर माझंच हाय."

"शूटिंगमध्ये कशाला शिरलात?"

"मला काय ठावं शूटिंग. आमच्या घरामागंच हाय ते. पाणी उडतंय म्हणल्यावर माणूस हंडाच घेऊन येणार की. आरती घेऊन येतंय व्हय?"

मुकुंदरावांनी चष्मा काढून पुसला. "तुम्हाला इथून काढावं लागेल, भामाबाई. नाहीतर माझी नोकरी जाते."

"काढा की. माझं काय अडलंय?"

पण काढण्याआधी एकदा दाखवावं, असं त्यांना वाटलं. त्यांनी सहाही सेकंद फिरते केले. पडद्यावरच्या भामाबाई आल्या, वाकल्या, हंडा धारेखाली धरला. तेवढ्यात कारंजं पहिल्या सेकंदावर गेलं आणि त्या नाहीशा झाल्या. पुन्हा डावीकडून आल्या, रिकामा हंडा घेऊन. पुन्हा वाकल्या.

"थांबतच नाय का हे?"

"नाही. कायम चालू."

भामाबाईंनी चार-पाच फेऱ्या बघितल्या. "त्या दिशी बी असंच. पुंजारामनं निम्म्यावर हाकललं."

फोन वाजला. "काका, साडेचार झाले."

"पाठवतो, सर."

मुकुंदरावांनी पडद्यावरचं रबर उचललं आणि पहिल्या चित्रातला पदर पुसला. तिथलं पाणी जरा मळकट झालं, पण वजनात बसत होतं. मग कोपर गेलं. मग खांदा.

भामाबाई खुर्चीमागून बघत होत्या.

"साहेब," त्या म्हणाल्या, "मला पुसा खुशाल. पण आधी तेवढा हंडा भरू द्या."