एका घराची दोन केंद्रं

आमच्या घरात कायम दोन पक्ष. एक आमच्या ह्यांचा, एक माझा. दर निवडणुकीला आम्ही जोडीनं समोरच्या शाळेत जायचो आणि एकमेकांचं मत कापून यायचो. यंदा खर्च वाचवायचा म्हणून मतदान केंद्रं कमी केली, याद्या नव्यानं लावल्या. माझं नाव शाळेतच राहिलं, ह्यांचं गेलं पार नदीपलीकडच्या गोदामात.

मी रांगेत उभी होते, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. सारखी फोन बघत होते. शेवटी वाजला.

"पुलावरूनच परत फिरलो," हे म्हणाले. "गुडघा ऐकेना. तू टाक तुझं मत. आज तुला रान मोकळं आहे."

आधी ह्यांचा राग आला, मग केंद्रं हलवणाऱ्यांचा. असं जिंकायचं होतं होय मला?

माझी पाळी आली, मशीनपुढे उभी राहिले. मी दातओठ खात ह्यांच्या उमेदवारापुढचं बटण दाबलं.

घरी पोचले तर हे कुरकुरले, "झालं समाधान?"

"गप्प बसा," म्हटलं, आणि तेलाची बाटली घेऊन त्यांच्या गुडघ्यापाशी बसले.

सरकारचा खर्च वाचला असेल. माझं मत मात्र खर्ची पडलं.