अबोल्यातली नाताळफेरी

तीन दिवस मी आमच्या ड्रायव्हरशी एक शब्द बोलले नव्हते. ड्रायव्हर म्हणजे आमचे हे. नाताळच्या आठवड्यात शहरातली रोषणाई दाखवणारी बस संध्याकाळी साडेपाचला निघते. हे चालवतात, मी माइकवरून माहिती सांगते. लग्नाला अकरा वर्षं झाली, त्यातली नऊ या बसमध्ये गेली.

भांडणाचं कारण यांच्या शर्टाच्या खिशात सापडलं. धुवायला टाकताना खिसे चाचपले, तर बदलीचं पत्र! लांब पल्ल्याची गाडी, महिन्यातून चार दिवस घरी. होकार-नकार शुक्रवारी संध्याकाळी सातच्या आत कळवायचा. आठ दिवस ते पत्र घेऊन हे फिरत होते आणि मला विचारायची गरज वाटली नाही. माझं डोकं असं सणकलं की मी तोंडाला कुलूपच लावलं.

आणि आज शुक्रवार.

आता अबोला धरून बस कशी चालणार? कुठे हळू घ्यायचं, कुठे थांबायचं, ते मीच सांगते. म्हणून मी प्रवाशांना सांगायला लागले.

"मंडळी, डावीकडे मोठ्या दुकानाची काच येईल. आत कापसाचा बर्फ आहे आणि मान हलवणारी हरणं आहेत. गाडी हळू झाली तर दिसतील. नाही झाली तर नशीब आपलं."

गाडी हळू झाली. पहिल्या सीटवरचे कानटोपीवाले काका हरणं सोडून आमच्याकडेच बघत होते.

"बाई, तुमचं आणि ड्रायव्हरचं काही बिनसलंय का?"

"माझा त्यांचा काय संबंध?" मी म्हटलं.

"अकरा वर्षांचा," समोर बघतच हे म्हणाले. "लग्नाचा."

अख्खी बस खो खो हसली. मी रागाने माइक मांडीवर आपटला आणि गप्प बसले. पुढे बेकरीवाल्यांनी बिस्किटांचं माणसाएवढं घर उभं केलं होतं, छपरावर साखरेचा थर, खिडकीत दिवा. तिथे दरवर्षी थांबतो. पण मी सांगितल्याशिवाय हे थांबतील तर शपथ! घर मागे गेलं आणि मुलांनी एकच गलका केला.

"काका, त्यांना म्हणावं गाडी मागे घ्या," मी म्हटलं.

"ड्रायव्हरसाहेब, बाई गाडी मागे घ्या म्हणतायत."

"बाईंना सांगा, रस्ता एकेरी आहे. वळसा पडेल."

"मग घाला म्हणावं. हात कोणी धरलेत?"

काका बिचारे इकडून तिकडे निरोप पोचवत राहिले. वळसा झाला, बिस्किटांचं घर बघून झालं, आणि आम्ही चौकात पोचलो तेव्हा सातला पाच मिनिटं कमी होती. चौकातलं मोठं झाड बरोबर सातला उजळतं. सगळे खिडक्यांना चिकटले. यांनी इंजिन बंद केलं आणि खिशातून फोन काढला.

होकार कळवतायत! कसला राग आणि कसला अबोला, मला काही सुचेना. नऊ वर्षं बसमध्ये बोलायचं म्हटलं की हात माइककडेच जातो, तसाच तेव्हाही गेला.

"अहो, नाही म्हणा त्यांना! तुम्ही नसलात तर घर खायला उठेल मला. मला नाही राहता येणार!"

माझाच आवाज चारी स्पीकरमधून माझ्या अंगावर आला. बाहेर झाड उजळलं, लाल, हिरवं, सोनेरी. बसमध्ये एकानेही तिकडे बघितलं नाही.

हे सीटवर मागे वळले. "कालच नाही म्हणून कळवलंय."

"मग फोन कशाला काढलात?"

"झाडाचा फोटो काढायला."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगणार कसं? समोर आलो की तू उठून आत जायचीस."

"त्याआधीचे आठ दिवस?"

यांनी फोन परत खिशात ठेवला. मग हळूच म्हणाले, "विचारलं असतं आणि तू जा म्हणाली असतीस तर?"

मला रडूही आलं आणि रागही आला. राग आधी बाहेर पडला.

"अकरा वर्षांत एवढंही कळलं नाही तुम्हाला?"

"नाही," हे म्हणाले. "तू कधी बोललीच नाहीस."