मासळीची मच्छरदाणी

आमच्या सरोवरकाठी मलेरिया होतो माणसांना आणि मच्छरदाणी मिळते मासळीला. ओमेना म्हणजे बोटाएवढी रुपेरी मासळी. मच्छरदाणीवर वाळत घातली की तिला रेती लागत नाही, भावही बरा येतो. मी तरी कोणत्या तोंडानं हसू? माझ्या मच्छरदाणीत तेव्हा माझ्या कोंबड्या राहायच्या. त्यांना एकदाही ताप आला नव्हता.

पण शेजारच्या ओबिएरोची तऱ्हाच न्यारी. हा गावच्या मच्छरदाणी समितीचा अध्यक्ष. सभेत घसा फोडून सांगायचा, "बायांनो, गरोदर बाईनं मच्छरदाणीबाहेर झोपू नये!" आणि घरी येऊन मच्छरदाणीवरची मासळी उलथीपालथी करायचा. मच्छरदाणीही त्याची नव्हे. सून अकेयोला सहावा महिना होता, तिला ती दवाखान्यातून मिळाली होती. गेल्या पावसाळ्यात तापानं तिचं पहिलं मूल पोटातच गेलं. मला ओबिएरोची चीड यायची, आणि गप्प बसते म्हणून स्वतःचीही.

"बाबा, माझी मच्छरदाणी द्या ना," अकेयो म्हणायची.

"देतो की. एवढी खेप वाळू दे."

सरोवरातली मासळी थोडीच संपणार होती!

एका सकाळी तो सभेला गेला. अकेयोनं मासळी गोणपाटावर ओतली, मच्छरदाणी धुऊन सावलीत वाळवली आणि आपल्या पलंगावर टांगली.

दुपारी ओबिएरो परतला, तेव्हा गोणपाटावर माझ्या कोंबड्यांची पंगत बसली होती. तो तणतणत मुलाच्या घरापर्यंत गेला आणि दाराशी थबकला. आमच्यात बाप लग्न झालेल्या मुलाच्या घरात पाऊल टाकत नाही. ही रीत मोडली म्हणून यानंच गावातल्या दोघा बापांना सगळ्यांसमोर झापलं होतं.

"अगं ए, बाहेर आण ती!"

"आत येऊन घ्या ना, बाबा," आतून गोड आवाज.

तो बायकोकडे वळला. "तू जा."

"मी? मुलाच्या पलंगाला हात लावू? आणि रीत कुठं गेली तुमची?"

तेवढ्यात दवाखान्याची नर्स पाहणीला आली. ती परगावची. आत डोकावून खूश होत म्हणाली, "अख्ख्या गावात पलंगावर टांगलेली ही एकच, तीही अध्यक्षांच्या घरी! कुणी सांगितलं गं तुला?"

"बाबांनीच," अकेयो म्हणाली. "सभेत."

ओबिएरोनं मान डोलावली. दुसरं करणार काय? मी मात्र त्याच संध्याकाळी कोंबड्यांना बेघर केलं.

तीन महिन्यांनी अकेयोला मुलगी झाली, धडधाकट आणि रडकी. माझे डोळे भरून आले. नातीला बघायला आजोबा धावत आले आणि पुन्हा दाराबाहेर अडकले.

"अगं, बाहेर आण ना तिला! एकदा बघू तरी दे!"

"आणते की, बाबा," मच्छरदाणीतून अकेयो म्हणाली. "एवढी झोप होऊ दे."