तीन व्यसने आणि एक ओळ

रोग्याच्या दुःखाला त्याचे नेमके नाव देणे हा वैद्याचा पहिला धर्म आहे. आळसाने तो टाळणारा वैद्य विद्वान असू शकेल, वैद्य नव्हे. अमेरिकेत केंटकीतल्या आमच्या डोंगराळ गावच्या इस्पितळातले डॉक्टर प्रुइट असेच विद्वान होते. रोगी दारूचा असो वा गोळ्यांचा, संगणकावरची 'अनेक पदार्थांचे व्यसन' ही एकच ओळ ते निवडीत, आणि तीही दान दिल्याच्या प्रसन्नतेने.

त्या गुरुवारी, दोन दिवसांपूर्वी दाखल झालेल्या लोरीना मुलिन्सच्या कागदावर तीच ओळ आली. लेक्सिंग्टन शहरातल्या व्यसनमुक्ती उपचारगृहाने तिच्यासाठी शुक्रवार दुपारपर्यंत एक खाट राखली होती. मात्र अफूजन्य वेदनाशामक गोळ्यांचे व्यसन नावानिशी व तीव्रतेसह लिहिलेले हवे, अशी अट होती.

डॉक्टरांनी लिहिलेल्या रोगनिदानांना नोंदीसाठी ठरावीक कोड लावणारी व्हर्ना स्टिल्टनर इस्पितळाच्या कचेरीत माझ्या शेजारच्या मेजाशी बसे. परिचारिकेच्या टिपणात दारू, गोळ्या, मेथ नावाची नशेची भुकटी असे सारे काही होते. पण निदान डॉक्टरांनीच लिहावे आणि त्यांना विचारताना उत्तर सुचवू नये, हा आमचा नियम. म्हणून तिने लिहून विचारले, "पदार्थ कोणकोणते? प्रत्येकाचे व्यसन किती तीव्र?"

उत्तर आले, "सहमत."

"कशाशी सहमत आहे हा माणूस?" व्हर्ना म्हणाली आणि उठली. मीही मागोमाग गेलो.

डॉक्टर सँडविच खात होते. "व्हर्नाबाई, तुम्हाला सगळं ठाऊक आहे ना? मग तुम्हीच लिहा."

"मी लिहिलं तर ती लबाडी होते, डॉक्टर."

"गोळ्या घेते ना ती?"

"ते मी सांगायचं नाही. तुम्ही तिला विचारलंत का?"

डॉक्टरांनी रुमालाने सावकाश ओठ टिपले. दोन दिवसांत त्यांनी विचारले नव्हते.

मग लोरीनाच्या खाटेपाशी जाऊन त्यांनी प्रथमच खुर्ची ओढली. लोरीना म्हणाली, "बसताय? मग काहीतरी वाईटच असणार."

"नाही गं. काय काय घेतेस, तेवढं सांग."

"दारू शनिवारी. मेथ मिळालं तर. गोळ्या मात्र चार वर्षं, रोज. सोडायला गेले की उलट्या होतात, अंग मोडून येतं. कुणी विचारलंच नाही हो."

डॉक्टरांनी नाव व तीव्रता देत तीन स्वतंत्र ओळी लिहिल्या. वीस वर्षांच्या विद्वत्तेला त्यासाठी अकरा मिनिटे पुरली. शुक्रवारी सकाळी लोरीनाची गाडी लेक्सिंग्टनला निघाली.

तिला तिथे शांत झोप लाभो. व्हर्नाची दृष्टी शाबूत राहो. आणि डॉक्टर प्रुइट यांनाही, परमेश्वर दयाळू आहे, रोग्याजवळ बसण्याची गोडी लागो.