तलकाडच्या वाळूत हासलेली जाजम

बसा. चपला काढून बसा, एवढंच म्हणणं आहे. मी जाजम बोलतेय, म्हैसूरजवळच्या बोगादीच्या गौराबाईंची. जन्मभर माणसं माझ्यावर बसून बोलत आली. आज तुम्ही बसा, मी बोलते.

मला सुब्बरावांनी छापलं. ते म्हैसूरचे रंगारी, गौराबाईंचे यजमान. घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि रंगाच्या हौदापाशी दोन्हींची खिचडी. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी जाड मांजरपाट आणला, हिरड्याच्या पाण्यात भिजवला, आणि लाकडी ठशांनी माझ्या काठाला वेल आणि मधे कोयऱ्या उठवल्या. लाल रंग मंजिष्ठेचा. आणि काळा कशाचा, सांगू? लोखंडाचा गंज आणि गूळ पाण्यात कुजवून केलेला. माझ्या अंगात गूळ आहे, बरं का!

गौराबाईंचं माहेर तलकाडजवळ. लग्न झाल्यावर मला तिथेच कावेरीत धुतलं, उन्हात वाळवलं, आणि वाळूवर पसरून नव्या जोडप्याला माझ्यावर बसवलं. केळीच्या पानावर चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात, वाढलं होतं. नवरी लाजून जेवेना आणि नवरा लाजता लाजता दोन्ही पानं संपवून बसला. हे गौराबाई अजून सांगतात.

मग संसार. पोरं माझ्यावर रांगली आणि रांगताना जे काय करायचं तेही माझ्यावरच केलं. पवनकुमार आज मोठा साहेब आहे म्हणून मी नाव घेत नाही.

पवनकुमारची बायको जयलक्ष्मी हुणसूरची, कन्नड घरातली. सासरी येताना मराठी शिकायचंच असं ठरवून आली होती. पहिल्याच आठवड्यात पाहुणे आले. मला दोन्ही हातांत धरून ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "अत्ते, हासू का?"

कन्नडमध्ये सासूला 'अत्ते' आणि अंथरायला 'हासू' म्हणतात. तिने त्याला मराठी शेपूट लावलं. गौराबाईंना कन्नड येत नव्हतं असं नाही, पण सून मराठी बोलतेय म्हणून त्यांचे कानही मराठीच होते.

"हास की गं! हसायला कुणी नको म्हटलंय?"

तिने मला झटकून घातलं.

"अगं, हास म्हटलं तर जाजम काय घालतेस?"

"अय्यो, तुम्हीच हास म्हणाला की!"

आणि मग दोघींना कळलं. पाहुणे उभे, आणि या दोघी माझ्यावर बसून पोट धरून हसतायत. तेव्हापासून या घरात जाजम अंथरत नाहीत, हासतात.

पुढे सोफा आला आणि मी माळ्यावर गेले. बरीच वर्षं गेली. सुब्बरावही गेले. मागच्या डिसेंबरात माळा साफ करताना जयलक्ष्मीच्या हाती मी लागले, आणि तिच्या दुसऱ्या हातात कात्री होती.

"अत्ते, हिची चार पुसणी होतील बघा."

"माझीही कर. मीही जुनीच आहे," गौराबाई म्हणाल्या.

त्यांचा राग कात्रीवर नव्हता. नाताळच्या सुट्टीत सगळे तलकाडला निघाले होते. गौराबाईंना ती नदी एकदा पाहायची होती, जिथे पान वाढलं होतं तिथे बसून जेवायचं होतं. पण पवनकुमार म्हणाला, "आई, वाळूत तुझे गुडघे चालणार नाहीत. तू घरी राहा. येताना तुला गूळ आणतो."

"गूळ काय बोगादीत मिळत नाही?"

निघायच्या दिवशी सगळे खाली आले तर गौराबाई आधीच गाडीत. खाली घडी घालून मी. "उठवून दाखव," म्हणाल्या. आता आईला उठवणार कोण?

वाटेत नरसीपूर सोडल्यावर उसाच्या शेतात गुऱ्हाळ लागलं. तिथल्या बाईने गाडीपाशी येऊन पानावर गरम गूळ दिला, पैसे विचारले तर हसली. एक थेंब माझ्यावर सांडला. जयलक्ष्मी पुसायला आली, तर गौराबाई म्हणाल्या, "राहू दे. घरचंच माणूस भेटलंय तिला."

तलकाड आलं. पुढे सगळी वाळू. पवनकुमार म्हणाला, "आई, तू गाडीतच बस. आम्ही झटकन नदी पाहून येतो."

"जा. मला भूक नाही," गौराबाई म्हणाल्या आणि तोंड फिरवलं. जयलक्ष्मी, पवनकुमार आणि नात स्पंदना डबे घेऊन चालू लागले. माझ्यावर टपकन काहीतरी पडलं. गूळ नव्हता तो.

आणि मग वाळूतून पावलं परत आली. गाडीच्या दारात जयलक्ष्मी, मागे पवनकुमार आणि स्पंदना. जयलक्ष्मी घाम पुसत म्हणाली, "अत्ते, हासू का?"

"इथे? गाडीपाशी? इथून काय नदी दिसते?"

"दिसत नाही म्हणूनच. उठा थोडं."

तिने मला वाळूवर घातलं, गौराबाईंना मधे बसवलं, एक टोक नवऱ्याच्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः धरलं. स्पंदना ओरडली, "अज्जी, मी पण येतो ढकलायला!"

"येते म्हण गं, येते! मुलगा झालास का काय?"

निघाली आमची स्वारी, वाळूवरून ओढत ओढत. शहाळी विकणारी एक बाई ओरडली, "अज्जी, तेरू निघाला की!" तेरू म्हणजे देवाचा रथ.

"मग दक्षिणा टाक!" गौराबाई बसल्या बसल्या म्हणाल्या.

नदीच्या उतारावर माझं टोक चर्रकन फाटलं, जयलक्ष्मीच्या हातातलं.

"थांबा गं! फाटली माझी जाजम!"

"फाटू दे अत्ते, मी शिवते. तुम्ही घट्ट धरा."

हे कात्रीवाली म्हणाली हो! मला जन्मभराचं मिळालं.

काठावर चित्रान्न वाढलं. गौराबाईंनी स्वतःचं पान संपवलं आणि सुनेच्या पानातलंही घेतलं. मग माझं गुळाचं टोक कावेरीत बुडवून चोळलं. पाणी निर्मळच राहिलं. "बघा," त्या म्हणाल्या, "अजून पक्का आहे त्यांचा रंग."

आता माझ्या टोकाला जयलक्ष्मीच्या हिरव्या साडीचं ठिगळ आहे. माळा सुटला, मी गाडीच्या डिकीत राहते. ज्यांनी छापलं, जे बसले, ज्यांनी ओढलं, फाडलं आणि शिवलं, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. शिवणीत थोडी वाळू अडकलीय, तेवढी झटकू नका.

आणि तुमच्या घरी गुडघ्यांनी दमलेलं कुणी असेल, तर त्यांच्यापाशी जाऊन विचारा, हासू का? आमच्यासारखी तिथे असतेच कोणीतरी, घडी घालून वाट बघत.