नावानं हाक

उमरग्यात हायवेला टायरच्या दुकानांची रांग आहे, तिच्या मागच्या गल्लीत महेश्वरीचं घर. पुढच्या खोलीत ती इंग्रजी शिकवायची, एका वेळी एकालाच. घोळक्यात माणूस दुसऱ्याच्या आवाजाआड लपतो, असं तिचं मत होतं, आणि तिची मतं बदलण्याच्या फंदात गावात कोणी पडत नसे. खोलीचा कायदा एकच: चपला आणि मराठी, दोन्ही उंबऱ्याबाहेर. कानडीलाही सूट नव्हती. सासू शिवकांताबाई चहा घेऊन आल्या तरी महेश्वरी 'थँक यू' म्हणायची, आणि सासूबाई नुसत्या सुनेच्या तोंडाकडे बघत आत जायच्या.

दैवशाला या खोलीत आली ती शेजारच्या खेड्यातून. सातवी शिकलेली, ब्लाऊज शिवून चार पैसे मिळवणारी बाई. नवरा मस्कतला बांधकामावर होता. तो वरच्या मजल्यावरून पडला आणि तेव्हापासून इस्पितळात डोळे मिटून होता. आधी कंपनीचा एक हिंदी बोलणारा मुकादम फोन करून खुशाली सांगायचा. त्याची बदली झाली. आता उरली होती ग्रेस नावाची एक फिलिपिन्सची सिस्टर. दुपारी सवड मिळाली की ती व्हिडिओ कॉल लावायची, पण तिला इंग्रजीशिवाय काही कळत नव्हतं.

"मी बोलेन ना तुमच्या वतीनं," महेश्वरी म्हणाली.

"न्हाय मॅडम. दुसऱ्याच्या तोंडानं नवऱ्याची खुशाली किती दिस विचारू? मलाच शिकवा. ती शिष्टर काय म्हनती ते माझ्या कानाला कळाय पायजे."

महेश्वरीला हे उत्तर फार आवडलं. दैवशालाच्या गावात रेंज धड नव्हती, शिवाय घरात सासरे, दीर, जावा. त्यांच्यापुढं नवऱ्याविषयी बोलायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तेव्हा ठरलं की शिकवणी दुपारची, आणि सिस्टरचा फोनही याच खोलीत घ्यायचा.

बाई हुशार निघाली. 'हाऊ इज ही टुडे', 'एनी फीवर', 'डिड डॉक्टर कम' ही वाक्यं तिनं बघता बघता उचलली. सिस्टरचं बोलणं ऐकताना ती डोळे बारीक करायची आणि कळलं की मान हलवायची. अडायची फक्त एका ठिकाणी. पहिल्याच धड्यातलं वाक्य होतं, 'माय हजबंड्स नेम इज'. तिथवर ती ऐटीत यायची आणि पुढं गप्प.

"से द नेम," महेश्वरी म्हणायची.

दैवशाला मंगळसूत्राला हात लावायची, लाजायची, खिडकीबाहेर बघायची. नवऱ्याचं नाव तिनं लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं, तेवढंच. महेश्वरीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ती स्वतः नवऱ्याला चारचौघांत 'मल्लेश' म्हणून हाक मारायची आणि त्याचा तिला अभिमान होता.

एका दुपारी सिस्टर ग्रेस पडद्यावर जरा घाईनं बोलली. डॉक्टरांचं म्हणणं होतं की त्याला ऐकू येत असावं. ओळखीच्या आवाजात कोणी नाव घेऊन हाक मारली तर कदाचित तो शुद्धीवर येईल. "आय कॉल हिम एव्हरी डे," ती म्हणाली. "मिस्टर रणधीर, मिस्टर रणधीर. नथिंग. यू कॉल हिम." आणि तिनं फोन त्याच्या उशीजवळ नेला. वाढलेली दाढी, नाकात नळी, मिटलेले डोळे.

"से इट," महेश्वरी म्हणाली. "रणधीर, ओपन युवर आइज."

दैवशालाचे ओठ हलले. आवाज फुटला नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला, तरी नाव बाहेर आलं नाही. मग ती हळूच म्हणाली, "मॅडम, म्या आपली घरच्यासारखी हाक मारू का?"

"नो मराठी. डॉक्टर म्हणाले नाव घ्यायचं. जिवाचा प्रश्न आहे आणि तुम्ही अजून तेच धरून बसलात?" कायदा मोडून महेश्वरी स्वतःच मराठीत ओरडली होती, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. फोन तिनं ओढून घेतला आणि आपल्या स्वच्छ उच्चारात तीच हाका मारू लागली, "रणधीर! ओपन युवर आइज! रणधीर!"

पापणीसुद्धा हलली नाही. दैवशालानं फोन पदरात घेतला, "माझ्याच तोंडाला आलं न्हाय," एवढंच बोलली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्यानंतरही नाही. अशा अडाणी समजुतींपुढं इंग्रजी काय करणार, असं म्हणून महेश्वरीनं मनाची समजूत घातली. ती पुरती पटली मात्र नाही.

रविवारी घरात जेवणाची वेळ झाली होती. सासरे शरणबसप्पा टीव्हीपुढं बसले होते. त्यांना कमी ऐकू यायचं. महेश्वरीनं दारातून हाक मारली, "अप्पा, जेवायला चला." मग आणखी मोठ्यानं. शेवटी कानाशी जाऊन ओरडली, तरी म्हातारा ढिम्म. तेवढ्यात शिवकांताबाईंनी स्वयंपाकघरातून, भाकरी थापता थापता, नेहमीच्या बारीक आवाजात कानडीत म्हटलं, "री, ऊटक्क बर्री."

अप्पा टीव्ही बंद करून उठले.

महेश्वरी जागच्या जागी उभी राहिली. या घरात सून म्हणून आल्यापासून ती हे रोज बघत होती. जन्मभर सासूनं त्यांचं नाव घेतलं नव्हतं; त्या 'री'लाच, म्हणजे कानडी 'अहो'लाच, ते 'ओ' देत आले होते. रणधीरला तरी बायकोच्या तोंडून आपलं नाव कुठं माहीत होतं? आणि आपण काय केलं? एका बेशुद्ध माणसाच्या कानाशी परक्या बाईचा आवाज आणि परकी भाषा नेऊन ओरडलो, आणि ज्या एका हाकेला त्यानं ओळख दिली असती ती उंबऱ्याबाहेर ठेवली. तिला स्वतःची भयंकर शरम वाटली. ताटावर बसलीच नाही ती. मल्लेशला गाडी काढायला लावली आणि थेट दैवशालाच्या दारात गेली.

"ताई, चला," ती म्हणाली. "चुकलं माझं. त्यांना तुमचीच हाक पाहिजे."

त्या दुपारी खोलीत पहिल्यांदाच मराठीला मज्जाव नव्हता. सिस्टरनं फोन उशीशी धरला. दैवशालानं डोक्यावर पदर घेतला आणि शेतात भाकरी घेऊन गेल्यावर बांधावरून हाक मारावी तशी साध्या आवाजात म्हणाली, "आवं... ऐकलाव का?"

पडद्यावर काही वेळ काहीच झालं नाही.

"आवं, म्या हाय. ऐकलाव का?"

मिटलेल्या पापण्या थरथरल्या. एक डोळा किलकिला उघडला आणि सावकाश आवाजाच्या दिशेला वळला. तिकडं सिस्टर ग्रेस किंचाळली, इकडं महेश्वरी तोंडावर हात ठेवून रडली. दैवशाला मात्र रडली नाही. आपला माणूस भेटलाय, त्याच्याशी किती बोलू असं तिला झालं होतं. तुरीच्या शेंगा कशा भरल्यात, म्हैस व्याली, धाकट्या दिराचं लग्न ठरतंय, सगळं तिनं सांगितलं.

त्यानंतर रोज तेच. शिकवणीही दुहेरी झाली. सिस्टरनं विचारून घेतलं, "व्हॉट डू यू कॉल हिम?" आणि दैवशालानं तिला घोटून घोटून ती हाक शिकवली. सिस्टरच्या तोंडात ती 'आवाम' व्हायची. दैवशाला हसून म्हणायची, "नो, शिष्टर. अगेन." अगदी महेश्वरीच्या थाटात.

पण तो डोळे उघडायचा त्यापलीकडं सुधारला नाही. छातीत कफ साठला, ताप हटेना. एके दिवशी फोन सकाळीच आला. गावात तो धड लागला नाही, पण सिस्टरचा मिस्ड कॉल बघून दैवशालानं ओळखलंच आणि धावत महेश्वरीकडं येऊन फोन लावला. पडद्यावर सिस्टर ग्रेस एकटी होती. पलंग दिसत नव्हता.

सिस्टर हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोलली. पहाटे तो गेला. ती जवळच होती. तिनं त्याचा हात धरला आणि हाक मारली, आवं, आवं. त्यानं डोळे उघडले. तो एकटा नव्हता.

महेश्वरीनं मराठीत सांगायला तोंड उघडलं. दैवशालानं तिचा हात धरून तिला थांबवलं.

"कळलं मला," ती म्हणाली. मग पडद्याकडं वळली. "थँक यू, शिष्टर. यू कॉल हिम. थँक यू."

सिस्टरनं डोळे पुसले. त्याला घरी पाठवायचे कागद करायचे होते, नावाची बायकोच्या तोंडून खात्री करून घ्यायची होती. तिनं माफी मागत विचारलं.

दैवशाला ताठ बसली. डोक्यावरचा पदर नीट केला.

"माय हजबंड्स नेम इज रणधीर," ती म्हणाली. "रणधीर हिंमतराव बिराजदार."

कुठंही न अडता, स्पष्ट. हे वाक्य ऐकायची महेश्वरीला केवढी घाई झाली होती. आता तिला वाटलं, ते जन्मभर अर्धवट राहिलं असतं तर किती बरं झालं असतं.