गाठी मोजणारा सूक्ष्मदर्शक

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी दमलो आहे. माझी भिंगं अंबाल्याला घासली गेली. गवत भरलेल्या खोक्यातून मी बारामतीच्या एका महाविद्यालयात आलो. पहिली पंधरा वर्षं कांद्याची साल दाखवण्यात गेली. मुलं नळीला डोळा लावत, स्वतःच्याच पापण्या बघत आणि "दिसलं, सर" म्हणत.

१९९४ साली तिथेच शिकवणाऱ्या यशोदाबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. भवानीनगरजवळच्या उसाच्या फडातली माती आणून तिच्यातून त्यांनी एक जीवाणू वेगळा काढला होता. त्याच्या अर्काने कर्करोगासारख्या गाठी रोखता येतात का, हे त्यांना तपासायचं होतं. कर्करोगाच्या औषधाची वाट फार लांबची. तिचं पहिलं पाऊल म्हणजे बटाटा. बटाट्याच्या चकतीवर दुसरा एक जीवाणू सोडला की बारा दिवसांनी बारीक गाठी उठतात. निम्म्या चकत्यांना अर्क द्यायचा, निम्म्या तशाच ठेवायच्या. शेवटी सगळ्यांवर आयोडीन टाकलं की चकती काळी होते, गाठी फिकट राहतात. त्या माझ्याखाली मोजायच्या.

सुरुवातीला बाई डोळ्यांत तेल घालून मोजत. मग काय झालं कोण जाणे. डोळा नळीवर असे, मन नसे. एकाच चकतीवर कधी नऊ गाठी भरत, कधी चौदा. खोडायचं, पुन्हा मोजायचं. मला वाटे, बाई आळशी झाल्या. यंत्राची अक्कल ती केवढी! विभागप्रमुख बापूसाहेब एक दिवस म्हणाले, "बाई, दिवाळीपर्यंत आकडे जुळले नाहीत तर हे काम बंद करावं लागेल."

शेवटच्या खेपेला नवलच घडलं. अर्क दिलेल्या चकत्यांवर गाठी नव्हत्या आणि न दिलेल्यांवरही नव्हत्या. तुलना करायला काही उरलंच नाही; सगळी मेहनत पाण्यात गेली. "मीच काहीतरी विसरले असणार. मला आता काही जमत नाही," असं म्हणून बाई राजीनामा लिहायला बसल्या.

काचसामान धुणाऱ्या फुलाबाई जवळ आल्या. चकत्या त्यांनीच कापून दिल्या होत्या.

"बाई, चकत्या काळ्या पडत व्हत्या. म्हनून म्या तुरटीच्या पान्यातनं काढल्या. घरी वेफर करताना आमी तसंच करतो."

तुरटीने गाठी उठवणारा जीवाणूच मारला होता.

"म्हणजे चूक माझी नव्हती," बाई हळूच म्हणाल्या.

"न्हाय. माजी हाय. आन् चार म्हैनं तुमी जेवनाचा डबा भरलेलाच परत नेताय, त्ये बघून बी म्या गप ऱ्हायले. ती बी माजीच."

बाई टेबलावर डोकं टेकून रडल्या. फुलाबाईंनी बापूसाहेबांना सगळं सांगितलं, म्हणून आणखी एक खेप मिळाली. त्याच आठवड्यात त्या बाईंना घेऊन पुण्याच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, हे नैराश्य आहे; या आजारात लक्ष टिकत नाही, त्यात आळशीपणा काही नाही. हे मला परत आल्यावर दोघींच्या बोलण्यातून कळलं आणि मी मनातून ओशाळलो.

पुढची मोजणी दोघींनी मिळून केली. बाईंना गाठ दिसली की त्या "हं" म्हणत आणि फुलाबाई वाटीत ज्वारीचा एक दाणा टाकत. बाईंचं मन भरकटलं की दोघी थांबत. आकडा विसरला तरी दाणे जागेवरच असत. चार दिवसांनी दोन वाट्या बापूसाहेबांपुढे ठेवल्या. साध्या चकत्यांची वाटी काठोकाठ भरली होती. अर्काच्या वाटीत तळ दिसत होता.

"काम चालू ठेवा," ते म्हणाले.

औषध काही लगेच निघालं नाही. अर्क पुढच्या तपासणीसाठी मोठ्या प्रयोगशाळेत गेला, आणि बाईंचे वाईट दिवसही अधूनमधून येतच राहिले. माझ्या भिंगावर बुरशी चढली, तसा मी कपाटात गेलो. माझी तक्रार नाही.

मित्रांनो, धुरकट दिसू लागलं की तुम्ही माझी भिंगं मऊ कापडाने पुसता, तेवढं पुरे. पण माझ्यामागे बसलेल्या माणसाचे आकडे चुकू लागले, तर वही तपासण्याआधी त्याच्याशेजारी जाऊन बसा. मी सहा महिने त्या बाईंच्या डोळ्याला डोळा लावून होतो, आणि मला काहीच दिसलं नव्हतं.